अक्काला विचारा

शाहूपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९७५

गंगव्वा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ चुलीत घालायला निघशील. घाल, पण वाचून घाल. आठ वर्षांत मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज मागायची वेळ आली म्हणून लिहिते. गोड बोलून सुरुवात करायला मला जमत नाही, आणि केली असती तर तुलाच संशय आला असता.

महादेवीचं जमत आलंय. मुलगा कागलचा, नाव सिद्धलिंग, तिथल्याच शाळेत मास्तर आहे. बाप लहानपणी गेला, घरात आई, आणि वरचा कारभार सगळा मामाचा. मामा म्हणजे शिवमूर्ती, कापडाचं दुकान आहे त्यांचं. परवा बघून गेले. पोहे दोनदा मागून घेतले. मुलगा मान खाली घालून दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक 'पाणी मिळंल का' असं होतं. पण निघताना उंबऱ्यापाशी चपला शोधायला त्याला फार वेळ लागला, आणि चपला तर समोरच होत्या. हिनं ते बघितलं. तेव्हापासून आमच्या आरशाला जरा उसंत नाही.

आता कामाचं. हा शिवमूर्तीमामा माहिती काढण्यात पटाईत माणूस आहे. चार तालुक्यांत कुणाची सोयरीक असली की याला पुढं घालतात. त्याची रीत निराळी. नातेवाईक, शेजारी, गोड बोलणारे, यांच्याकडं तो फिरकतच नाही. ज्या घराशी तुमचं वाकडं आहे, तिथं जाऊन बसतो. जाता जाता मला म्हणाला, "निपाणीला तुमची भैन असती न्हवं? येनं-जानं हाय का?" मी म्हटलं, न्हाय. तर त्याचा चेहरा असा खुलला, जणू मी त्याला जेवायचं आमंत्रण दिलं.

म्हणजे तो तुझ्याकडं येणार. आज ना उद्या येणारच. तू काय सांगायचं ते सांग. अक्का भांडखोर आहे म्हण, तोंडाळ आहे म्हण, सगळं खरंच आहे. पण गंगे, पोरीच्या हाताचं तेवढं काढू नकोस.

त्यांनी तो हात बघितलेला नाही. मीच पातळाचा पदर डाव्या हातावरून असा घेऊन दिला की बशी पदरासकटच धरली तिनं. दोन बोटं नाहीत हे सांगायला माझी हरकत नाही. कुंकू लागलं की मी स्वतः कागलला जाऊन सांगेन. आधी सांगितलं तर माणसं पोरगी बघत नाहीत, बोटंच बघतात. गिरणीच्या पट्ट्यात हात गेला तेव्हा तू इथंच होतीस, पंचमीला आली होतीस. दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन तूच बसली होतीस, माझ्यात तेवढा जीव राहिला नव्हता. ते आठव आणि गप्प बस.

तू म्हणशील, चन्नवीरच्या वेळी ही अक्कल कुठं गेली होती. म्हण. तुझा पोरगा माझ्याकडं राहून गुळाच्या अडतीत कामाला जात होता, म्हणून मिरजेची माणसं माझ्या गिरणीत येऊन बसली. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. पोरगा सोन्यासारखा आहे, डाव्या कानानं ऐकू येत नाही. ती सोयरीक मोडली यात माझं खोटं कुठं आलं? तिथं मला विचारलं होतं. इथं मला कुणी विचारलेलं नाही. एवढा साधा फरक तुला आठ वर्षांत कळला नाही म्हणजे कमाल आहे.

एक सांगते आणि थांबते. पूर्वी दर महिन्याला तुझं जोंधळ्याचं पोतं येष्टीवरून यायचं. निपाणीत काय गिरण्या नव्हत्या? पण तू म्हणायचीस, अक्कानं दळलेल्या पिठाची भाकरी चिरत नाही. सांजच्या गाडीला मी पीठ परत लावून द्यायची. ते पोतं यायचं बंद झालं तरी स्टँडवर गेले की माझी नजर गाडीच्या टपावर जाते. ही काही मागणी नव्हे. सांगितलं आपलं.

तुझी
अक्का

शाहूपुरी
१९ फेब्रुवारी १९७५

गंगव्वा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण मामा अजून तुझ्याकडं आला नसेल तर आठवण राहावी म्हणून लिहिते.

इकडं एक नवीनच चाललंय. पन्हाळ्यावर सहलीला माणसं येतात, त्यांच्यासाठी एक खिडकी उघडायची आहे. आत एक जण बसायचा आणि येईल त्याला सांगायचं, तीन दरवाजा कुठं, अंबरखाना कुठं, परतीची शेवटची गाडी कधी. महादेवीनं त्या जागेला अर्ज केलाय. खिडकीवर इंग्रजीत 'इन्फर्मेशन' अशी पाटी लागणार म्हणे. मुलाखतीत त्यावरच विचारतील असं हिच्या डोक्यात बसलंय, म्हणून कॉलेजातून उशीएवढा जाड कोश घेऊन आली. गिरणीत पोत्यावर बसून मला वाचून दाखवते, आणि वरून चक्की चालू, म्हणजे ओरडून वाचायचं.

मी म्हटलं, एका शब्दाला एवढा काय कागद लागतो? ती म्हणाली, अव्वा, ऐक तर. पहिला अर्थ, सांगणं. दुसरा, जे सांगितलं ते. तिसरा, कोर्टात नाहीतर चौकीवर कुणाच्या नावानं दिलेली तक्रार. आणि एक फार जुना आहे, आता कुणी वापरत नाही, माणसाला शिकवून घडवणं. शिवाय वापर कसा करायचा तेही दिलंय. एखाद्याबद्दल द्यायची असते, आणि एखाद्याविरुद्धही द्यायची असते. शब्द तोच.

म्हणजे या साहेबांनी सगळं एकाच डब्यात भरून ठेवलंय की. आपल्यात कुणी गेलं की सांगावा येतो. नळाला पाणी आलं की खबर येते. सोयरिकीला माहिती काढतात. कुणाची पोरगी कुणाबरोबर दिसली हे सांगतात ती चुगली, आणि फौजदाराला जाऊन सांगतात ती वर्दी. प्रत्येकाचं तोंड वेगळं, वेळ वेगळी, सांगणारा माणूस वेगळा. आपण गव्हावर तसाच जोंधळा टाकत नाही, मधे चक्की झाडून घेतो. ही माणसं झाडतच नाहीत, असं मी तिला सांगितलं. मला वाटलं, काय छान बोलले.

तर ती कोश मिटून म्हणाली, "मग चन्नूदादाच्या वेळी तू काय दिलंस?"

"माहिती," मी म्हटलं.

"मावशीला ती वर्दी वाटली."

आमचा गिरणीचा गडी लालासाब शेजारीच चक्कीच्या जादा दगडाला टाकी घालत होता, तो हातोडी खाली ठेवून हसला. तुला आठवतो ना लालासाब? त्या दिवशी चालत्या मोटारीवरून पट्टा त्यानंच फेकला होता, नाहीतर पोरीचा अख्खा हात गेला असता. म्हातारा झालाय आता, पण कान तिखट. मी दोघांनाही म्हटलं, मुलाखतीला असलं बोललीस तर खिडकी बाहेरूनच बघावी लागेल.

पण ते बोलणं डोक्यात राहिलं. दळताना राहतं तसं, सारखं फिरत. माझ्या मते मी माहितीच दिली होती. तुझ्या मते काय होतं, ते तू कधी बोललीच नाहीस. नुसतं पोतं थांबवलंस. दुसऱ्या वर्षी संकेश्वरची सून केलीस, मला पत्रिका नाही. नातू झाला, तो मला येष्टीच्या कंडक्टरकडून कळला. आता त्या कोशात याला काय म्हणतात कोण जाणे.

हाताचं लक्षात ठेव.

अक्का

शाहूपुरी
४ मार्च १९७५

गंगव्वा,

घेतलास ना सूड? बरं वाटलं?

मला सगळं कळलंय. निपाणीच्या बाजारादिवशी शिवमूर्तीमामा तुझ्या ओट्यावर बसला होता. चहा घेतला, पान खाल्लं, चांगला तासभर बोलत होता. त्याच कंडक्टरनं बघितलं, त्याला तुझं घर ठाऊक आहे. आणि त्या दिवसापासून कागलहून अवाक्षर नाही. दोन दिवसांत निरोप धाडतो म्हणणारी माणसं गप्प झाली. मग काय सांगितलंस? दोनच बोटं सांगितलीस की आणखी दोन कापलीस?

एवढं होतं तर माझ्यावर यायचं होतंस. गिरणीसमोर उभी राहून शिव्या द्यायच्या होत्यास, मी ऐकल्या असत्या. पोरीनं तुझं काय केलं? तू दिलेली चोळी अंगाला येईना तेव्हा तिचा उशीला अभ्रा करून घेतला होता तिनं. आता ती आरशाकडं जात नाही. मुलाखत तोंडावर आली आणि कोश कोपऱ्यात पडलाय, त्यावर पीठ बसतंय.

आणि घरात काय झालं तेही ऐक. मी तुला लिहिलं होतं हे तिला कळलं. मीच रागाच्या भरात बोलून बसले, की तुझ्या मावशीला दोनदा लिहिलं, झाक म्हणून पाया पडले. यावर ती तुझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली माझ्यावर.

"अव्वा, माझा हात म्हंजे काय चोरीचा माल हाय?" म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच. तर म्हणाली, पदराखाली हात घेऊन बसले त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी शाळेत पोरी चिडवायच्या तेव्हाही वाटली नव्हती. ते मास्तर चपला शोधत होते तेव्हा मीच जाऊन दाखवणार होते हात, तू दंडाला धरून ठेवलंस.

आणि मग तिनं ते काढलं. म्हणाली, मिरजेची माणसं आली तेव्हा चन्नूदादा मागच्या खोलीतच होता. जेवत होता. एक हाक मारली असतीस तर स्वतः येऊन बोलला असता तो.

दळणं पडली होती, ती घ्यायला उठले.

हे पत्र टाकू नये असं लालासाब म्हणतो. मी टाकणार आहे. माझ्या मनात फार साचलंय आणि दुसरं कुणी बहीण नाही मला.

अक्काताई

शाहूपुरी
१३ मार्च १९७५

गंगव्वा,

मागचं पत्र पोचलं असेल. फाडलं नसशील तर फाड. फाडलं असशील तर मी काही बोललेच नाही असं समज. आता हे नीट बसून वाच.

काल दुपारी शिवमूर्तीमामा गिरणीत आला. एकटाच. दळणाची गर्दी होती, बायका डबे घेऊन उभ्या होत्या. तो आपला पोत्यावर बसला, काळ्या टोपीवर पीठ पडून टोपी पांढरी झाली तरी उठेना. महादेवी काट्यापाशी वजनं करत होती, डावा हात सवयीनं पदरात. शेवटची बाई गेली तसा तो म्हणाला, चक्की जरा बंद करता का, ओरडून बोलायची गोष्ट न्हवं. मी लालासाबला खूण केली. पट्टा उतरला. आमच्या गिरणीत दिवसा एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मामा म्हणाला, निपाणीला जाऊन आलो. तुमच्या बहिणीनं घरात घेतलं, चहा दिला. पोरगी कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, आमचं आठ वर्षं बोलणं नाही. मी म्हटलं, म्हणून तर आलोय. देव्हाऱ्यापाशी एक पाकीट होतं, त्याच्याकडं बघत होत्या. आणि मग एवढंच बोलल्या.

ते तो तुझ्या शब्दांत बोलला. "अक्काला इचारा. ती खोटं सांगत न्हाय. पोटच्या पोरीचं बी न्हाय."

गंगे, तुला काय सांगू माझं काय झालं. तू सूड घेतलास की मान दिलास, ते मला आज सकाळपर्यंत कळत नव्हतं. झाक म्हणून लिहिलेलं माझ्या हातचं पत्र तुझ्या देव्हाऱ्यापाशी, आणि तू त्याला सांगतेस की ती खोटं सांगत नाही. मला तोंड चुकवायला जागाच ठेवली नाहीस. आणि तो माणूस माझ्यासमोर बसून म्हणतोय, म्हणून इचारायला आलोय, अक्काताई, पोरगी कशी हाय?

मी तोंड उघडलं. म्हटलं, पोरगी शहाणी आहे, आणि तिच्या डाव्या...

"अव्वा, थांब," महादेवी म्हणाली. "माझ्या हाताचं मी सांगते."

तिनं पदर बाजूला केला आणि डावा हात काट्याच्या रिकाम्या पारड्यात ठेवला. पारडं खाली गेलं. म्हणाली, मी नऊ वर्षांची असताना पट्ट्यात दोन बोटं गेली. भाकरी थापता येते, पाणी शेंदता येतं, सायकलही येते. टायपिंग तेवढं जमत नाही, शिकून बघितलं. आणि थंडीत दुखतो, तेव्हा मी चिडचिड करते. आणखी काय विचारायचं असेल तर मला विचारा.

मामानं त्या हाताकडं नीट बघितलं. मग माझ्याकडं वळला. "बघायला आलो त्या दिवशी हात पदराखाली कुनी घातला?"

सांगू शकले असते की पोरगी लाजली. जिभेवर आलंही होतं. पण तू निपाणीत बसून माझ्या नावानं जामीन राहिली होतीस.

"मीच," म्हटलं.

तो उठला, टोपी झटकली. मला वाटलं, संपलं. तर म्हणाला, हाताचं मला बघायला यायच्या आधीच ठाऊक होतं. या गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे, सगळी शाहूपुरी तुमच्याकडं दळायला येते. "मला हाताची माहिती नको हुती, अक्काताई. मला घराची पायजे हुती." भाच्याला विचारून कळवतो म्हणाला आणि गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

तो गेल्यावर आम्ही तिघंही तशीच उभी. लालासाबनं डोळे पुसले आणि पीठ गेलं म्हणाला. मग महादेवी कोपऱ्यातला कोश उचलून त्यावरचं पीठ झाडायला लागली.

मी मूर्ख बाई. अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट झाकायला मी तुझी मदत मागत होते. आणि जे मला स्वतःला धड ठाऊक नव्हतं, ते तू त्या परक्या माणसाला सांगून टाकलंस.

तुझी
अक्का

शाहूपुरी
६ एप्रिल १९७५

गंगव्वा,

कुंकू लागलं.

आता कसं ते सांगते. निरोप यायच्या आधी मुलगा स्वतःच आला. रविवारी, सायकलवरून, मागं गव्हाचा डबा बांधलेला. कागलहून कोल्हापूरला दळण. मी विचारलं, तुमच्याकडं गिरण्या नाहीत का? लाल झाला. तुझीच आठवण आली मला.

मी गहू घेतले आणि मुद्दाम सावकाश दळले. ती दोघं काट्यापाशी बोलत होती. चक्कीच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं, पण तुझी भाची ओरडून बोलते हे एक बरं आहे. तिनं त्याला विचारलं, माझं सगळं कळलं, आता तुमचं काय झाकलंय ते सांगा. तो म्हणाला, मॅट्रिकला दोनदा नापास झालो, गणितात, मामांनी सांगितलं न्हाई का? नाही, म्हणाली. आणखी? घोरतो असं आई म्हणते. आणखी? मग त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, त्या दिवशी चपला समोरच होत्या. यावर ही एवढी हसली की लालासाबनं चक्की बंद करून बघितलं, काय झालं म्हणून.

मुलाखतही झाली. साहेबानं हाताचं विचारलं, हिनं सांगितलं. मग ज्याची वाट बघत होती ते विचारलं, इन्फर्मेशन म्हणजे काय. कोशातले चारही अर्थ पाठ होते, पण म्हणाली तिथं एकही आठवला नाही. मग तिनं सांगितलं, समोरच्यानं विचारलं ते सांगायचं, आणि शेवटची गाडी निघून गेली असेल तर त्यानं विचारलं नाही तरी सांगायचं. साहेब नुसतं बरं म्हणाला. जागा मिळेल का नाही ठाऊक नाही, निकाल अजून आलेला नाही. नाही मिळाली तर काटा आहेच.

आणखी एक गंमत. गेल्या आठवड्यात दोन पावणं आले, आमच्या गल्लीतल्या पिराजीच्या थोरल्याची माहिती काढायला. मला म्हणाले, अक्काताई, तुम्ही खोटं सांगत न्हाई असं ऐकलंय. हे आता पसरलंय वाटतं, शिवमूर्तीमामाची कृपा. मी त्यांना पोत्यावर बसवलं, चहा सांगितला आणि पिराजीच्या पोरालाच हाक मारली. म्हटलं, याच्या तोंडूनच ऐका. मी हितंच उभी हाय, काय उलटंसुलटं बोलला तर बघून घेते. पोरगा घामाघूम झाला, पण बोलला सगळं. बिड्या ओढतो हेही बोलला. पावणं खूश होऊन गेले. महादेवी काट्यापाशी बसून माझ्याकडं बघत होती. सांजच्याला माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केली.

लग्न वैशाखात आहे. पत्रिका छापून आली की पहिली तुझी. चन्नवीरची वेगळी पाठवणार, त्याच्या नावानं, तुझ्या पाकिटात घालून नाही. संकेश्वरच्या सुनेला आणि नातवाला मी बघितलेलं नाही. तो कुणावर गेलाय, हे मला कंडक्टरला विचारायचं नाही.

हळदीला तू पाहिजेस. महादेवी म्हणते, मावशी आल्याशिवाय मी अंगाला हळद लावून घेणार नाही. हट्टी आहे. कुणावर गेली आहे ते लिहायला नको.

तुझी वाट बघणारी
अक्का

शाहूपुरी
२१ एप्रिल १९७५

गंगे,

आज सकाळी कंडक्टर गिरणीच्या दारात येऊन ओरडला, अक्का, निपाणीचं आलंय, स्टँडवर उतरवून घ्या. मी पायात चप्पल न घालता गेले. टपावरून हमालानं पोतं खाली घेतलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कंडक्टरला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही, पोतं नीट धरा म्हणाल्या.

लालासाबनं गाठ बघून सांगितलं, निपाणीच्या बाईंचीच गाठ हाय. ती सुटायला तसाच वेळ लागला. जोंधळा बघून मी तिथंच खाली बसले. बायका दळणाला उभ्या होत्या त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, माझ्या भैनीनं दळण धाडलंय, आज तुमचं सगळ्यांचं मागं राहील. रांगेत पुढं असलेल्या शालूबाईनं आपला डबा उचलून बाजूला ठेवला, मग सगळ्यांनी ठेवले.

बारीक दळायचं का जाडसर, ते तू लिहिलं नाहीस. लिहायची गरज नाही. चक्की झाडून घेतली, तुझा जोंधळा एकट्याचाच दळला, जरा चरचरीत ठेवलाय. पीठ आता माझ्यासमोर गरम आहे आणि मी हे त्याच्याशेजारी बसून लिहितेय. महादेवीला पन्हाळ्याची खिडकी मिळाली, ते ती तुला स्वतः सांगणार आहे, मी सांगितलं असं म्हणू नकोस.

हे पीठ सांजच्या गाडीला लावून देत नाही. रविवारी न्यायला चन्नवीरला धाड, आणि जमलं तर त्याच्याबरोबर तूही ये. सकाळच्या निपाणीच्या गाडीला मी स्टँडवर येते. गर्दीत त्याला डाव्या बाजूनं हाक मारून उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आहे. मी उजवीकडं उभी राहते.

अक्का